नऊ पाचरी

२९ जानेवारी, गुरुवार
बोगद्यावरून

प्रिय मुंगी,

तुझ्या आईच्या चिठ्ठीतून कळलं, की आमच्या डोंगरात पाणी किती आहे हे सांगायचं काम तुझ्या संस्थेकडे आलंय आणि तिथे ते नेमकं तुझ्या टेबलावर पडलंय. वाचून मी इतका हसलो, की काय झालं म्हणून सुतार बघायला आला. एकतीस वर्षं मी कातळात भोकं पाडतोय, आणि आता माझी भाची पंख्याखाली बसून मला सांगणार, की मामा जपून, पुढे ओल आहे.

असो. मागितलीस ती यादी सोबत आहे. समोरच्या कातळावर दिसतात तेवढ्या भेगांची लांबी, दिशा आणि रुंदी. रुंदीसाठी माझ्याकडे गॅरेजवाल्यांकडे असतो तसला पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा आहे. भेगेत जी पट्टी शिरते ती तिची रुंदी, त्यात फसवाफसवी नाही. शेवटच्या रकान्यात ओली की कोरडी ते लिहायचं होतं. खालपर्यंत 'कोरडी' लिहून सही ठोकली आहे. सोमवारी आमच्या इंजिनियरबाई वरच्या साहेबांना घेऊन पाहणीला आल्या होत्या. साहेबांनी कातळावर हात फिरवला, मग तळहात पाहिला, आणि म्हणाले, "तुम्हाला कोरडा मुकादम म्हणतात ते उगाच नाही." हे नाव मी सात बोगदे खपून कमावलंय. माझ्या कातळाला पाहुण्यांसमोर घाम फुटत नाही.

इथे सुरुंगाच्या दारूमुळे फोन फाटकावरच काढून घेतात, आणि रेंज तशीही नाही. गुरुवारी सकाळी शिधा घेऊन लॉरी येते ती दुपारी खाली जाते, तेवढंच टपाल. तेव्हा घाईचं काही विचारायचं असेल तर आठवडाभर आधी घाई कर.

ड्रिल मशीन दुरुस्तीला गेलंय. ते बारा तारखेच्या लॉरीने येईल आणि तेराला सकाळी पुन्हा सुरुंग सुरू. तोवर माझी चौदा माणसं पत्ते कुटतायत, आणि सुतार कुरकुरतोय की पाचरींचं अख्खं खोकं संपलं, नवीन करायला लाकूड आणू कुठून. बावन्न मीटर राहिलेत. शेवटचा कातळ फुटला की पलीकडच्या उजेडात पहिला हात मुकादमाचा, ही आमच्यातली रीत. तेवढा हात घातला की मी कायमचा घरी येतो, असं आईला सांग.

तुझा मामा


३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय मामा,

यादी मिळाली. अक्षर अजूनही मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं आहे, पण आकडे लागले.

मी काय करते हे आईला अजून समजलेलं नाही. ती शेजारी सांगते की मुलगी दगड मोजते. तुला तरी नीट सांगते. कातळाच्या आत कुणालाच दिसत नाही, म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये एक खोटा डोंगर उभा करते. त्यात बाराशे भेगा. कुठली कुठे पडेल ते फासे टाकून ठरतं, पण त्यांची दिशा, लांबी, रुंदी सगळी तुझ्या यादीच्या चालीवर. मग एका बाजूने पाणी सोडायचं. ज्या भेगा एकमेकींना छेदतात त्यांतून ते पुढे सरकतं, बाकीच्यांत अडून बसतं. एकाच डोंगरावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून मी असे दोनशे डोंगर बनवले. त्यातल्या सगळ्यात वाईट डोंगरातसुद्धा तुझ्या बोगद्यात मिनिटाला चाळीस लिटर पाणी येतंय. दोन पंप रग्गड झाले. आमचे साहेब खूश आहेत. सोळा तारखेला अहवाल जाईल आणि त्यावर पहिलं नाव माझं असेल. चार वर्षांत पहिल्यांदाच.

मग मी गप्प का बसत नाहीये? सांगते. तुमच्या कातळात पुढच्या दिशेने जी चार लांब भोकं पाडून ठेवलीत, त्यांच्या तोंडावरच्या काट्यांचे आकडे इंजिनियरबाईंनी पाठवलेत. पहिली तीन भोकं अर्धा-अर्धा किलो दाब दाखवतात. चौथंही चोवीस जानेवारीपर्यंत अर्धाच दाखवत होतं. रविवारी दोन झाला, सोमवारी साडेचार, मंगळवारी सहा. सहा किलो म्हणजे साठ मीटर उंच टाकीतलं पाणी कातळामागे उभं आहे. आणि समोर सगळं कोरडं? साहेब म्हणाले, काटा अडकलाय, तो आकडा खोडून टाक. मी खोडला. पण डोक्यातला भुंगा काही जात नाही. जेवताना तोच, रस्त्यात तोच. काल चुकीच्या बसमध्ये चढले आणि तीन थांबे गेल्यावर लक्षात आलं.

तू रोज तिथे उभा असतोस. त्या शनिवार-रविवारी काही वेगळं घडलं होतं का?

मुंगी


५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय मुंगी,

काट्याचं काय घेऊन बसलीस. आमच्या भटारखान्यातलं घड्याळ दिवसातून दोनदा तरी बरोबर वेळ दाखवतं, हे काटे तेवढेही करत नाहीत. मागच्या बोगद्यावर एक काटा महिनाभर तीनवर होता, उघडून पाहिला तर आत कोळ्याचं जाळं. तुझे साहेब शहाणे दिसतात, त्यांचं ऐक.

त्या शनिवार-रविवारी वेगळं काही नाही. पाहणी होती म्हणून साफसफाई केली, नेहमीची. माझ्याकडे पाहुणे यायचे असले की मी घर पुसतो हे तुला माहीत आहे.

चाळीस लिटरचा आकडा मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. पोरं म्हणाली, मामांच्या भाचीने सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला. आता ती छत्री न घेता कामावर येणार आहेत. सुताराला खालून लाकूड आलं. मी त्याला आणखी खोकंभर पाचरी करायला बसवलंय. बसून तरी काय करेल तो.

पहिलं नाव येणार म्हणतेस, ही केवढी गोष्ट आहे. कशाला एका आकड्याच्या नादी लागून ती घालवतेस? तुझ्या आईला तो कागद भिंतीला लावायचाय. मीही येईन तेव्हा बघेन. आणि बसमध्ये चढताना पाटी वाचत जा.

मामा


१० फेब्रुवारी, मंगळवार

मामा,

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

तुझ्या बोगद्यात लाकडाचे टेकू नाहीत. छताला सिमेंटचा फवारा मारतात, हे तूच मला सांगितलंयस. मग खोकंभर पाचरी गेल्या कुठे? आणि पुन्हा खोकंभर कशाला?

मी चौथीत होते. न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपायचं. तू सुट्टीवर आलास, एका दुपारी गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळून त्या भेगेत पाचर ठोकलीस, वरून चुना फासलास आणि म्हणालास, झालं काम. महिन्याने पलीकडच्या खोलीतलं माझं कपाट उघडलं तर वह्यांचा लगदा. तू म्हणालास, हे पाणी वेगळं आहे. मग मी शाईची बाटली न्हाणीघरात ओतली आणि दुसऱ्या दिवशी कपाटाची मागची फळी निळी झाली. तू माझ्याशी चार दिवस बोलला नाहीस. पाचव्या दिवशी मला मुंगी नाव ठेवलंस, कारण म्हणे मी कुठल्याही भेगेत शिरते.

मामा, तू पाहणीच्या आदल्या दोन दिवसांत ओल्या भेगा पाचरी ठोकून बंद केल्यास. कातळ पुसलास. मग त्या पुसलेल्या कातळाची यादी करून मला पाठवलीस. बंद केलेल्या भेगा त्यात नाहीतच. पाण्याची वाट तू बुजवलीस, म्हणून ते मागे तुंबलं आणि चार नंबरचा काटा चढला. काटा चांगला आहे. बिघडलेली आहे ती यादी.

यादीवर मी उगाच ओरडत नाहीये. भेग दुप्पट रुंद असली की तिच्यातून पाणी दुप्पट येत नाही, आठपट येतं. दसपट रुंद असली तर हजारपट. खोकंभर पाचरींवरून मी अंदाजाने आठ-दहा रुंद भेगा घातल्या, खोडलेला आकडा परत घेतला, आणि दोनशे डोंगर पुन्हा चालवले. चाळीस लिटरचे चार हजार झाले. मोठी भेग तुझ्यापासून साधारण अकरा मीटरवर असावी. तुमचा एक सुरुंग दोन मीटर कापतो.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, पाचरींच्या खोक्यावरून कुणी डोंगर ठरवत नाही. कंपनीच्या ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, यादीवर कोरड्या मुकादमाची सही आहे, भाचीच्या शंकेवर काम थांबत नाही. म्हणजे सगळं तुझ्या सहीशी येऊन अडलंय.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. काटा खरा असू शकतो हे मला त्याच दिवशी वाटलं होतं. पहिलं नाव हवं होतं म्हणून मी खोडला.

इंजिनियरबाईंसाठी वेगळं पत्र याच पाकिटात ठेवलंय. त्यात सगळं आहे. तुझ्या पाठीमागून द्यायला मन होईना. तूच ते त्यांच्या हातात दे. तेरा तारखेच्या आधी. तुझ्या पाया पडते.

मुंगी


१२ फेब्रुवारी

मुंगी,

लॉरी सुटायला अर्धा तास आहे, म्हणून थोडक्यात.

शाई ओतायची तुझी सवय गेली नाही. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालचा एक माणूस गेला नाही. एकाचं बोटसुद्धा नाही. मी कातळाला कान लावला की मला कळतं, तुझ्यासारखे फासे टाकावे लागत नाहीत. ओल पुसली म्हणजे मी खुनी झालो काय? सगळेच मुकादम पुसतात. तू मला खोटारडा म्हणालीस, आणि तेही लेखी.

मशीन आलंय. उद्या सकाळी आठला पहिला सुरुंग. इंजिनियरबाईंचं पत्र माझ्या खिशात आहे आणि ते खिशातच राहील.

मामा


१४ फेब्रुवारी, शनिवार

मामा,

हे तू वाचशील तेव्हा गुरुवार असेल. वाचशील ना?

तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. तोवर सकाळचे आठ वाजून गेले होते. मी तशीच उठून साहेबांच्या घरी गेले आणि दारातच सांगितलं, की आकडा मी खोडलाय, अहवालावरून माझं नाव काढा आणि तो थांबवा. ते चहाला थांबायला सांगत होते. काय बोलले मला आठवत नाही.

आज डेपोत गेले. म्हटलं मला वर न्या, पोत्यांवर बसेन. तिथला माणूस म्हणाला, गुरुवारपर्यंत एकही गाडी वर न्यायची नाही असा निरोप आलाय. का, ते त्याला माहीत नाही. कंपनीच्या ऑफिसात फोन कुणी उचलत नाहीये. आईला मी काही सांगितलेलं नाही. ती फोनवर तुझ्या खोलीला कुठला रंग द्यावा ते विचारत होती, आणि मी म्हटलं पांढरा.

बाईंचं पत्र मी वेगळं का पाठवलं नाही? कालपासून हेच चाललंय. तुझा मान राखायला गेले आणि चौदा माणसं तुझ्या खिशात ठेवली. तू वाईट माणूस नाहीस. तुला मी ओळखते, तू चार दिवस फुगून बसतोस आणि पाचव्या दिवशी येतोस. पण इथे चार दिवस नव्हते रे.

खोलीत बसवत नाही. जिन्यावर बसून लिहितेय. एक ओळ पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

मुंगी


१९ फेब्रुवारी, गुरुवार

माझी मुंगी,

सगळे आहेत. चौदाच्या चौदा, आणि मी पंधरावा. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

शुक्रवारी सातला आम्ही आत गेलो. रागाने माझं डोकं तापलेलंच होतं. मनात म्हटलं, एकेक पाचर ठोकून बघतो, घट्ट आहे ना, म्हणजे तुला लिहायला बरं. डाव्या हाताच्या पहिल्या पाचरीवर तळहात ठेवला. ती थरथरत होती. म्हाताऱ्याचा हात थरथरतो तशी, बारीक, न थांबता. दुसरीवर ठेवला, तीही. आजवर मी शेकडो पाचरी ठोकल्या असतील, पण ठोकल्यावर पुन्हा हात लावून कधीच पाहिलं नव्हतं. पुसून झालं की पाठ फिरवायची, हीच आमची पद्धत. मुंगी, मी घाबरलो.

माणसांना म्हटलं, बाहेर जा, चहा घ्या, मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. ती हसत गेली. मग इंजिनियरबाईंना बोलावलं आणि तुझं पत्र दिलं. त्यांनी तिथेच बॅटरीच्या उजेडात उभ्याने वाचलं. वाचून माझ्याकडे बघून विचारलं, "मामा, किती?"

मी म्हटलं, "नऊ."

एवढंच बोलणं झालं. चार नंबरच्या भोकाची तोटी उघडली तर धार समोर पाच-सहा हात लांब पडली. वीस लिटरची बादली चार सेकंदांत भरली. बाईंनी तीनदा मोजलं. मग पाचरी मीच काढल्या. बाई नको म्हणत होत्या, पण ठोकल्या मी होत्या. एकेक निघाली तसं पाणी माझ्या छातीवर येत होतं. संध्याकाळपर्यंत काटा सहाचा चारवर आला. पट्ट्या लावून त्या नऊ भेगांची रुंदी घेतली, सोबत पाठवतोय. एकीत तर जुडग्यातली सगळ्यात जाड पट्टी लावूनही जागा उरली.

नोंदवहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कातळ ओला. भेगा मी बुजवल्या होत्या. यादी खोटी आहे.' खाली सही केली. साध्या तीन वाक्यांना मला पाव तास लागला.

मग लांबून, पाणी आलं तर लगेच बंद करता येईल अशी तोटी बसवून, एक पुढचं भोक पाडून पाहिलं. तुझं गणित चार मीटरने चुकलं. मोठी भेग अकरावर नाही, सातवर आहे. दोन-दोन मीटरचे तीन सुरुंग उडवले असते, तर मधे मीटरभर कातळ उरला असता आणि त्याच्यामागे ते सगळं पाणी. पोरं तिथे चौथ्याची भोकं पाडत उभी राहिली असती. सुरुंग एक दिवसाआड असतो, म्हणजे तोवर बुधवार आला असता. मी काल दिवसभर ते बुधवारचं मनातून काढायचा प्रयत्न करत होतो.

काम थांबलंय, म्हणूनच गाड्याही अडवल्या होत्या. पाणी काढून घ्यायला दीड-दोन महिने लागतील म्हणतात. माझी चौकशी झाली. मला खाली पाठवतायत. दुसरा मुकादम येईल. उजेडात पहिला हात त्याचा. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण आज सकाळी निरोपाला माणसं रांगेने उभी होती आणि मी ती मोजली. तेवढं पुरे झालं.

तू लेखी खोटारडा म्हणालीस, मी लेखी कबूल करतो. मला लाज वाटली. रागावलो ते म्हणूनच.

मामा


७ जून
घरून

प्रिय मुंगी,

तुझी मधली पत्रं मिळाली. मी लिहिलं नाही. नुसता अंगणात फेऱ्या मारत होतो. तुझी आई म्हणाली की जमीन झिजेल. फोन तर रोज येतो, पण त्यात तीच बोलते, म्हणून आज कागद घेतला.

अहवालावर तुझं नाव तिसरं आलं हे कळलं. आईने तरी तो भिंतीला लावलाय. पाहुण्यांना ती पहिली दोन नावं बोटाने झाकून दाखवते.

इंजिनियरबाईंचं पत्र आलं. बोगदा सव्वीस मेला, मंगळवारी, पार झाला. नव्या मुकादमाने हात घातला. माणसांनी म्हणे त्याला आधी थांबवलं आणि माझं हेल्मेट भोकातून पलीकडे ढकललं. ते मी तिथे विसरलोय असं मला वाटत होतं, त्यांनी लपवून ठेवलं होतं. वाचून मी बराच वेळ न्हाणीघरात जाऊन बसलो. बाईंनी यादीत एक रकाना वाढवलाय. पाचर ठोकण्याआधी भेगेचं माप घ्यायचं, दोन माणसांनी, आणि दोघांनी सही करायची. त्यांच्याकडे त्याला 'मामांचा रकाना' म्हणतात. कोरडा मुकादम हे नाव गेलं, हे आलं. बदल्यात वाईट नाही.

आता कामाचं. न्हाणीघरात बसलो होतो तेव्हा दिसलं. तीच भिंत, तुझ्या कपाटाच्या अलीकडची. गुडघ्याएवढ्या उंचीवर हाताच्या पंजाएवढी ओल आलीये. तुझी आई फडकं घेऊन आली. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. रोज सकाळी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढतो आणि बाजूला तारीख घालतो. आज पाचवी रेघ झाली. वरच्या अंगाला सरकतेय, खाली नाही. असं का, ते मला कळत नाही.

तू सुट्टीवर येशील तेव्हा बघ. येताना शाई आण. तोवर मी हात लावणार नाही.

तुझा मामा